विभक्त भावंडे, एक ग्रंथ : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन आणि ख्रिस्ती पंथभेदाचा मराठी संदर्भ

१.

मराठी वाङ्मयेतिहासात 'ख्रिस्ती मराठी साहित्य' या नावाचा एक कप्पा आहे. फादर थॉमस स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अशी नावे त्यात एका ओळीत मांडली जातात. डॉ. गंगाधर मोरजे यांच्या 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' (१९८४) यासारख्या ग्रंथाने या साहित्याची साक्षेपी नोंद केली असली, तरी सर्वसाधारण वाचकाच्या आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मनात हे लेखक एकाच घरातले ठरून गेले आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. स्टीफन्स आणि पदमनजी यांच्यामध्ये सव्वादोन शतकांचे अंतर आहे, आणि त्याहून मोठे अंतर युरोपातील धर्मसुधारणेने पाडलेल्या फुटीचे आहे. पदमनजी, रमाबाई आणि टिळक हे प्रोटेस्टंट परंपरेतले, तर स्टीफन्स आणि दिब्रिटो हे रोमन काथोलिक धर्मगुरू.

ही फूट स्टीफन्सच्या बाबतीत केवळ पार्श्वभूमीपुरती नव्हती. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत काथोलिक उपासना बेकायदा ठरली. तिथला हा तरुण १५७५ मध्ये रोममध्ये येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यास पोचला. त्याचा मित्र थॉमस पाउंड याने मायदेशातील तुरुंगात सुमारे तीन दशके काढली. म्हणजे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ एका अर्थी पंथभेदामुळे देशांतर कराव्या लागलेल्या मनुष्याने रचला आहे. मराठीला मिळालेला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ हे ख्रिस्ती घराच्या वाटणीचेच एक अनपेक्षित फलित होय. शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीपासून कारिदाद द्रागो (१९९६) आणि फादर नेल्सन फलकाव यांच्या अभ्यासापर्यंत या ग्रंथाची चर्चा प्रामुख्याने हिंदू-ख्रिस्ती संवादाच्या अंगाने झाली. ख्रिस्ती-ख्रिस्ती दुराव्याच्या अंगाने ती फारशी झाली नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुरावा आहे. एका मराठी काथोलिक धर्मगुरूला आधुनिक ख्रिस्ती धर्मातील विभागणी कशी दिसते, ती त्याच्या लेखनात कोणत्या रूपाने येते किंवा येत नाही, आणि त्या येण्या-न-येण्याचा वाङ्मयीन अर्थ काय, या प्रश्नांचा विचार फादर दिब्रिटो यांच्या निमित्ताने येथे केला आहे. वसई तालुक्यातील नंदाखाल हे त्यांचे गाव. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, बायबलचा 'सुबोध बायबल' हा मराठी अनुवाद सिद्ध केला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यामुळे आता त्यांच्या लेखनाकडे एक पूर्ण झालेली कामगिरी म्हणून पाहणे शक्य आणि आवश्यक आहे.

२.

पंथभेद म्हटला की युरोपीय वाचकासमोर सिद्धांत उभे राहतात : श्रद्धेने तारण की कर्माने, पोपचा अधिकार की ग्रंथाचा. महाराष्ट्रात हा भेद आधी भूगोल म्हणून अवतरला. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर जो समाज ख्रिस्ती झाला तो काथोलिक झाला, कारण आलेली जहाजे लिस्बनहून निघालेली होती. पुढे १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या प्रचारकांनी १८३१ पासून अहमदनगरला आपले केंद्र केले. तिथल्या परिसरात जे ख्रिस्ती झाले ते प्रोटेस्टंट झाले, कारण ही जहाजे बोस्टनच्या बाजूची होती. नंदाखालच्या शेतकऱ्याने ट्रेंटच्या धर्मपरिषदेचे ठराव वाचून पक्ष निवडला नाही आणि नगर जिल्ह्यातील शेतमजुराने लूथर व कॅल्व्हिन यांची तुलना करून बाप्तिस्मा घेतला नाही. दोघांनाही परक्यांचे भांडण वारशाने मिळाले.

या भूगोलावर जातीचा थर चढला. वसईच्या ख्रिस्ती समाजात सामवेदी, वाडवळ, कोळी अशी पूर्वाश्रमीची ओळख बोली, पोशाख आणि सोयरिकीच्या रूपाने शिल्लक राहिली. नगर, जालना, सोलापूर या भागांतील प्रोटेस्टंट मंडळ्यांत मोठा वाटा दलित जातींतून आलेल्यांचा होता, तर त्यांचे साहित्यिक नेतृत्व प्रारंभी पदमनजी, रमाबाई, टिळक अशा उच्चवर्णीयांतून आलेल्यांकडे होते. तेव्हा मराठी मुलखातील काथोलिक-प्रोटेस्टंट अंतर म्हणजे विटेनबर्ग आणि रोम यांतले अंतर नव्हे. ते बरेचसे वसई आणि अहमदनगर यांतले, शेती असलेल्या आणि नसलेल्या समाजांतले अंतर आहे.

शिवाय काथोलिक धर्मगुरूला फूट हा 'पलीकडच्यांचा' रोग म्हणून सांगता येण्याजोगी परिस्थिती वसईत तरी नव्हती. पोर्तुगालच्या राजाचा धर्मविषयक अधिकार मानणारा 'पाद्रोआदो' आणि रोमच्या थेट आज्ञेतील 'प्रोपागांदा' या दोन अधिकारकक्षांचा तंटा मुंबई आणि साष्टीच्या चर्चांनी एकोणिसाव्या शतकभर पाहिला. एकाच श्रद्धेची, एकाच मिस्साची माणसे चर्चच्या मालकीवरून आणि बिशपच्या नेमणुकीवरून दोन तटांत विभागली गेली. १८८६ च्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला, १९२८ मध्ये त्याचा मुंबई धर्मप्रांतात अंतर्भाव झाला, आणि वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. फादर दिब्रिटो ज्या भूमीतून आले तिथे काथोलिक एकतेचाही इतिहास इतका वळणावळणाचा आहे.

भाषेच्या पातळीवर या भूगोलाने दोन मराठी शब्दकोश घडविले. प्रोटेस्टंट मराठीत 'पवित्र शास्त्र', 'मंडळी', 'पाळक', 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन' हे शब्द रुळले. काथोलिक मराठीत 'ख्रिस्तसभा', 'धर्मगुरू', 'स्नानसंस्कार', 'मिस्सा', 'जपमाळ' हे शब्द आले. दोन्हीकडची माणसे एकच मराठी बोलतात, परंतु उपासनेच्या दाराशी आली की एकमेकांना परकी होतात. तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. भाषांतरित धर्माचा पंथभेद प्रथम परिभाषेत दिसतो आणि त्या परिभाषेचा अभ्यास म्हणजे त्या फुटीचा अभ्यास होय.

३.

दिब्रिटोंच्या भूमिकेचे मोल कळण्यासाठी आधी दुसऱ्या बाजूची साक्ष लक्षात घेतली पाहिजे. पंथभेदावर मराठी माणसाने घेतलेला सर्वांत तीक्ष्ण आक्षेप पंडिता रमाबाईंचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो ए. बी. शाह यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या संग्रहात उपलब्ध आहे. ख्रिस्ती झाल्यावर आपण नेमक्या कोणत्या चर्चच्या कोणत्या सूत्रांना बांधील झालो, त्रैक्यासारखे सिद्धांत ग्रंथात मिळाल्याशिवाय केवळ चर्च सांगते म्हणून का मानावेत, आणि स्वदेशातील पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच टाकून दिलेल्या व्यक्तीने दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड का घ्यावे, असे त्यांच्या प्रतिवादाचे सूत्र आहे. पुढे आत्मकथनपर लेखनात, ख्रिस्ती देशांत गेल्यावर नानाविध पंथांची गर्दी पाहून आलेला संभ्रमही त्यांनी नोंदविला आहे. केडगावचे मुक्तिमिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. त्यांनी स्वतः केलेला बायबलचा अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य स्त्रियांना कळावे अशा शब्दांचा त्यांत आग्रह होता, आणि वेदान्ताचा वास असलेले शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळले.

रेव्हरंड टिळकांची वाट वेगळी असली तरी दिशा तीच होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अखेरच्या काळात मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन करून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोहोंना ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसविण्याचा प्रयत्न केला. रमाबाईंनी पंथाला सद्सद्विवेकाचे उत्तर दिले, टिळकांनी भक्तिसंप्रदायाचे दिले. दोघांच्याही दृष्टीने चर्च ही दुय्यम, सोयीची संस्था ठरते आणि म्हणून पंथभेदही दुय्यम ठरतो.

काथोलिक धर्मगुरूला ही वाट मोकळी नाही, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे. त्याच्या धर्मविचारात चर्च ही श्रद्धेनंतर उभारलेली सोय नसते, ती श्रद्धेचाच भाग असते. म्हणून चर्चमधली फूट त्याला मतभिन्नता म्हणून मिटवून टाकता येत नाही. ती त्याच्या लेखी अवयवभंगासारखी गोष्ट आहे. रमाबाई पंथभेदाला हसू शकतात किंवा त्यावर रागावू शकतात. धर्मगुरूला मात्र त्याचे दुःख करावे लागते, आणि त्या दुःखात स्वतःच्या संस्थेचा वाटा किती, हेही तपासावे लागते. या दोन दृष्टींपैकी कोणती अधिक उदार, असा घाईचा निवाडा तौलनिक अभ्यासाने करू नये. एकीत स्वातंत्र्य आहे आणि बांधिलकीचा संकोच आहे, दुसरीत बांधिलकी आहे आणि स्वातंत्र्याचा संकोच आहे.

४.

फादर दिब्रिटो यांना धर्मगुरुपदाची दीक्षा १९७२ मध्ये मिळाली. ही तारीख वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची आहे. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने दोन निर्णय घेतले, ज्यांच्याशिवाय दिब्रिटोंसारखा लेखक संभवला नसता. पहिला निर्णय डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाचा. त्यामुळे लॅटिनच्या जागी लोकभाषेत मिस्सा होण्याचे दार उघडले. दुसरा २१ नोव्हेंबर १९६४ च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक हुकूमनाम्याचा. त्यात प्रोटेस्टंटांना पाखंडी न म्हणता 'विभक्त बंधू' मानले गेले, फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो हे मान्य केले गेले, आणि श्रद्धेतील सर्व सत्ये सारख्याच क्रमाची नसतात, त्यांत उतरंड असते, हे तत्त्व मांडले गेले.

पहिल्या निर्णयाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. लूथरने जर्मन भाषेतील नवा करार १५२२ मध्ये प्रसिद्ध केला. लोकभाषेत उपासना ही धर्मसुधारकांची एक मूलभूत मागणी होती. मराठी प्रोटेस्टंट एकोणिसाव्या शतकापासून मराठीत उपासना करीत होते. याउलट स्टीफन्सचे मराठी पुराण गोव्यात वाचले जात असतानाही वेदीवरची भाषा लॅटिनच होती, आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या फर्मानाने तर स्थानिक भाषेवरच घाला घातला. तेव्हा १९७२ मध्ये दीक्षित झालेल्या धर्मगुरूने वेदीपाशी उभे राहून मराठीत प्रार्थना म्हणावी, ही घटना म्हणजे सोळाव्या शतकातील एका मागणीला रोमने चार शतकांहून अधिक काळाने दिलेला होकार आहे. दिब्रिटोंचे मराठीपण त्यांच्या काथोलिकपणाला चिकटविलेली सांस्कृतिक झालर नव्हे. ते पंथभेदाच्या एका तुकड्याची झालेली तडजोड आहे. त्यांच्या व्यासंगी मराठीप्रेमाचे कौतुक करताना समीक्षकांनी हा धागा सहसा ध्यानात घेतलेला नाही.

दुसऱ्या निर्णयाची छाया त्यांच्या ग्रंथनिवडीवर पडलेली दिसते. 'ओअॅसिसच्या शोधात', 'तेजाची पाऊले', मदर तेरेसांवरील 'आनंदाचे अंतरंग', 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची', पोप दुसरे जॉन पॉल यांचे चरित्र, 'नाही मी एकला' हे आत्मकथन, या नामावलीवरून नजर फिरविली की खंडनमंडनाचा पूर्ण अभाव जाणवतो. १६२९ पासून छापल्या गेलेल्या एतियेन द ला क्रुवा यांच्या संत पीटरवरील पुराणात परमताचे खंडन ओतप्रोत भरलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी गद्यातही वाद हाच प्रमुख घाट होता. दिब्रिटोंनी हा घाट टाकून चरित्र, प्रवास, ललित निबंध आणि भाषांतर हे घाट निवडले. ही निवड साधी नव्हे. ज्या घाटात प्रतिपक्ष लागतच नाही असा घाट निवडणे ही पंथभेदाविषयी घेतलेली एक भूमिकाच असते.

यातील दोन विषय खास बोलके आहेत. जेरुसलेमविषयी लिहिणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती लेखकाला पवित्र कबरीच्या चर्चपाशी थबकावे लागते. सहा ख्रिस्ती पंथ एका छताखाली ऑटोमन काळात ठरलेल्या वहिवाटीनुसार आपापले कोपरे सांभाळून आहेत, आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या चरित्रकाराला १९९५ च्या ऐक्यविषयक परिपत्राची दखल घेणे भाग आहे. पोपपद हीच अनेक ख्रिस्ती बांधवांना अडचण वाटते हे त्यात पोपनेच मान्य केले आणि त्या पदाच्या विनियोगाविषयी इतर चर्चनेत्यांना चर्चेचे आमंत्रण दिले. हे विषय मराठी वाचकासमोर आणणारा लेखक पंथभेदापासून दूर राहिला असे म्हणता येणार नाही. त्याने फक्त त्याला वादाच्या आखाड्यातून बाहेर काढून इतिहासात आणि चरित्रात ठेवले.

५.

या सर्व कामगिरीचा केंद्रबिंदू अर्थातच 'सुबोध बायबल'. या अनुवादाला साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचा सन्मान लाभला. परंतु पंथभेदाच्या दृष्टीने तीन बाबी अधिक विचारणीय आहेत.

पहिली बाब प्रकाशनाची. हा ग्रंथ राजहंस प्रकाशनाने काढला. बायबल सोसायटी किंवा धर्मप्रांताचे मुद्रणालय या दोन्ही परिचित वाटा सोडून बायबल सर्वसाधारण मराठी वाचकाच्या कपाटात, कादंबरी-चरित्रांच्या शेजारी आले. जो वाचक कोणत्याच पंथाचा नाही त्याला समोर ठेवले की पंथीय परिभाषेची मिरास आपोआप ढिली होते. शीर्षकातील 'सुबोध' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. 'खरे बायबल कोणाचे' हा प्रश्न बाजूला सारून तो शब्द 'कळणारे बायबल कोणते' हा प्रश्न पुढे आणतो. केडगावच्या अनुवादिकेचा हाच ध्यास होता. सुबोधतेच्या मुद्द्यावर एक काथोलिक धर्मगुरू आणि कोणत्याही चर्चची मालकी न मानणारी प्रोटेस्टंट विदुषी एका पंगतीला बसतात.

दुसरी बाब टीपांची आणि ग्रंथसंख्येची. १८०४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या बायबल सोसायटीचे मूळ धोरण टीपेशिवाय, भाष्याशिवाय संहिता छापण्याचे होते. ग्रंथ स्वतः बोलतो ही त्यामागची प्रोटेस्टंट श्रद्धा. काथोलिक दंडक याच्या उलट आहे : १९८३ च्या धर्मसंहितेनुसार लोकभाषेतील बायबलला आवश्यक आणि पुरेशा टीपा हव्यात, कारण ग्रंथ परंपरेच्या हाताने वाचायचा असतो. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, तर काथोलिक बायबलात ७३. म्हणजे 'एकच ग्रंथ' हे म्हणणेसुद्धा काटेकोरपणे खरे नाही. १९६८ मध्ये युनायटेड बायबल सोसायटीज आणि व्हॅटिकनचे ऐक्यविषयक सचिवालय यांनी संयुक्त अनुवादाची तत्त्वे ठरविली आणि दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडले. एकीने मोजक्या, निर्विवाद टीपा स्वीकारल्या, दुसरीने वादग्रस्त भाष्य वगळले. भाषांतरशास्त्राच्या इतिहासात हा एक ठळक तह आहे.

तिसरी आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब शब्दांची. युरोपातील फुटीची अनेक भांडणे मुळात भाषांतराची होती. ग्रीक 'मेटानोइया' म्हणजे मनाचा पालट की चर्चने नेमून दिलेले प्रायश्चित्त? 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वडीलधारा की याजक? 'एक्लेसिया' म्हणजे जमलेली मंडळी की अधिकारपरंपरेने बांधलेली ख्रिस्तसभा? मराठी अनुवादक 'पश्चात्ताप' किंवा 'प्रायश्चित्त', 'वडील' किंवा 'याजक', 'मंडळी' किंवा 'ख्रिस्तसभा' असा एकेक शब्द उचलतो तेव्हा तो नकळत एका बाजूला मत देत असतो. मात्र मराठी ही निमूटपणे मत देणारी भाषा नाही, तिचेही म्हणणे असते. येशूच्या 'भावां'चा प्रश्न याचे उत्तम उदाहरण. मरियेचे नित्य कौमार्य मानणारी परंपरा या शब्दाचा अर्थ नात्यातले बंधू असा घेते आणि संत जेरोमपासून त्यासाठी लांबलचक युक्तिवाद करीत आली. इंग्रजी वाचकाला तो ओढून आणलेला वाटतो. मराठी घरात चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ हे सगळे 'भाऊ'च असतात. जिथे इंग्रजीला टीप लागते तिथे मराठीला एक साधा शब्द पुरतो, आणि तो दोन्ही अर्थ पोटात ठेवून शांत राहतो. हे मौन मराठीच्या कुटुंबव्यवस्थेतून आलेले आहे. ते कोणा एका पंथाच्या बाजूचे नाही.

तरीही सुबोधतेची एक किंमत असते. सुबोध अनुवाद वाचताना वाचकाला शब्दाखालची भेग दिसत नाही. मराठी वाचकाला बायबल कळते, परंतु या शब्दांवरून माणसे का जळली, का देशोधडीला लागली, हे कळत नाही. स्टीफन्सच्या देशांतराचे कारण ज्या वाचकाला उमगत नाही त्याला 'ख्रिस्तपुराणा'तील शांत स्वराचीही खरी किंमत कळणार नाही. सलोखा हा भेग बुजविल्याने येतो की भेग दाखवून, हा प्रश्न दिब्रिटोंच्या अनुवादकार्याला आदराने पण स्पष्टपणे विचारला पाहिजे.

६.

'विभक्त बंधू' हा परिषदेचा शब्दप्रयोग मराठीत आला की त्याला एक निराळाच अर्थ चिकटतो. लॅटिनमध्ये तो धर्मशास्त्रीय सौजन्याचा शब्द आहे. मराठीत 'विभक्त' म्हटले की वाटणी, भाऊबंदकी, मधली भिंत आणि बांधावरचा तंटा डोळ्यांसमोर येतो. पण त्याबरोबर हेही येते की विभक्त भावांचे कुलदैवत एकच असते आणि एकाकडचे सुतक दुसऱ्याला पाळावे लागते. मराठी समाजाने भेदाची मोजणी परंपरेने दोन मापांनी केली आहे : रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. ही मापे ख्रिस्ती पंथभेदाला लावून पाहिली असता आजची स्थिती चांगली उकलते. स्नान एक आहे, कारण प्रोटेस्टंट मंडळीत विधिवत झालेला बाप्तिस्मा काथोलिक चर्च मान्य करते आणि पुन्हा देत नाही. बेटीव्यवहार सशर्त आहे, कारण मिश्र विवाहाला धर्माधिकाऱ्याची परवानगी लागते. रोटीव्यवहार मात्र बंद आहे. आणीबाणीचे अपवाद वगळता प्रभूच्या भोजनाला विभक्त भावंडे एका ताटाला बसू शकत नाहीत. ज्या धर्माने या देशात पंक्तिभेदाविरुद्ध आवाज उठविला, त्याच्या स्वतःच्या सर्वोच्च पंगतीत भेद शिल्लक असावा, ही विसंगती मराठी धर्मगुरूला युरोपीय धर्मगुरूपेक्षा अधिक बोचावी अशी आहे.

या विसंगतीवर मराठी भूमीत प्रयोग झाले नाहीत असे नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाने हिंदू समाजात ग्रामण्य माजविले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते मिशन ज्या अँग्लिकन वर्तुळातले होते त्याच वर्तुळातील वाँटेजच्या भगिनी १९७२ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात काथोलिक 'सेक्रेड हार्ट' भगिनींबरोबर एकत्र राहू लागल्या. रमाबाईंशी ज्या संघाचा वाद झाला त्याच संघाने नव्वद वर्षांनी रोमच्या भगिनींशी सहवास मांडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. मात्र अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. संघटनेचे ऐक्य किती नाजूक असते याचा तोही दाखला.

दिल्लीत राहणाऱ्या अभ्यासकाला हा विषय रस्त्यावरून चालतानाही दिसतो. अशोक प्लेसजवळचे काथोलिक सेक्रेड हार्ट कॅथीड्रल आणि राष्ट्रपती भवनाजवळचे, पूर्वी अँग्लिकन व आता उत्तर भारतीय चर्चचे, कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन ही दोन्ही हेन्री मेड या एकाच वास्तुविशारदाची कामे आहेत. दोन्ही चर्चांची राष्ट्रीय कार्यालयेही याच परिसरात आहेत. तरी या दोन संस्था सर्वांत ठामपणे एकत्र उभ्या राहिल्या त्या कोणत्याही सिद्धांतावर नव्हेत. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींतून दलित ख्रिस्ती वगळले गेले, त्याविरुद्ध काथोलिक बिशप परिषद आणि नागपुरात मुख्यालय असलेली राष्ट्रीय चर्च परिषद यांनी संयुक्त लढा उभारला. ऐक्याची ही वाट वेदीपासून सुरू झाली नाही, अन्यायाच्या जाणिवेपासून सुरू झाली. दिब्रिटोंच्या लेखनातील ऐक्यविचार मुख्यतः करुणा, संवाद आणि शेजारधर्म यांवर उभा आहे. हरित वसईच्या लढ्यात त्यांनी भिन्नधर्मीयांना जोडले ते भूमीच्या प्रेमाने. जातीच्या अंगाने ख्रिस्ती घराची वाटणी कशी झाली, हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या मध्यवर्ती आला नाही, आणि ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा म्हणून नोंदविणे भाग आहे.

२०१९ मध्ये संमेलनाध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा धर्मगुरू असल्याच्या कारणावरून आक्षेप घेतले गेले. आक्षेप घेणाऱ्यांच्या लेखी काथोलिक, प्रोटेस्टंट हा भेद अस्तित्वातच नव्हता, फक्त 'पाद्री' होता. बाहेरच्या नजरेला जे घर सलग एक दिसते ते आतून वाटलेले असते, आणि आतल्यांना जी भिंत अभेद्य वाटते ती बाहेरच्याला दिसतही नाही. फादर दिब्रिटो यांनी या दोन नजरांच्या मधोमध उभे राहून लिहिले. त्यांनी भिंत पाडली नाही, कारण ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाचता येईल असा ग्रंथ मराठीत ठेवला. पंडिता रमाबाईंचा अनुवाद, बायबल सोसायटीची प्रचलित संहिता आणि 'सुबोध बायबल' यांचा शब्दशः तौलनिक अभ्यास झाला, तर मराठीने या जुन्या भांडणात कोणाला काय दिले आणि स्वतःजवळ काय राखून ठेवले, याचा हिशेब प्रथमच नीट लागेल. हे काम धर्मशास्त्राइतकेच तौलनिक साहित्याभ्यासाच्या वाट्याचे आहे.